साडेपाच फुटांचा माणूस

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी दोन खोकी घेऊन घाटघरला निघालो. एका खोक्यात दीड हात लांबीचे शिडाचे जहाज होते आणि दुसऱ्यात रुळाच्या तुकड्यावर उभे केलेले वाफेचे इंजिन. एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारले, "काय आहे एवढे जपून धरलेले?" मी म्हणालो, "जहाज आणि आगगाडी." त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा खोक्यांकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेर तोंड केले.

त्यांचे काही चुकले नाही. घाटघर म्हणजे जुन्नर तालुक्याचे सह्याद्रीच्या कड्यावरचे टोक. शेजारी जीवधन किल्ला, पुढे नाणेघाट आणि त्याखाली कोकण. तिथे समुद्र नाही आणि रेल्वेही नाही. जुन्नर तालुक्यात आजही आगगाडीचे स्टेशन नाही. अशा गावी जहाज आणि इंजिन घेऊन जाणारा पन्नाशी उलटलेला माणूस लोकांना जरा विचित्र वाटणारच.

पण माझ्या मनात या दोन्ही वस्तूंचा घाटघरशी फार जुना संबंध आहे. तोच आज सांगायचा आहे.

नाणेघाट हा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी रस्ता. सोपारा आणि कल्याण या बंदरांत जहाजांतून उतरलेला माल वैशाखऱ्याच्या बाजूने हा घाट चढून वर यायचा आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जायचा. देशावरचा माल त्याच वाटेने खाली उतरून जहाजांत भरला जायचा. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे लोक सांगतात. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे समुद्रापलीकडची माणसेही या वाटेवर होती.

घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञ केले, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी दान दिली, त्यांची यादी त्यात आहे. या यादीतले आकडे हे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी मानले जातात. भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी ते वाचून दाखवले. समोरच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी राहिली आहेत.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. दहावीचे गणित कसेबसे सुटले. पण छोट्या प्रतिकृती करायच्या तर आकड्यांशिवाय भागत नाही. म्हणून या भिंतीपुढे उभा राहिलो की मला कवितेपेक्षा आकडेच आधी आठवतात.

हा छंद मला लागला तो जुन्नरमध्ये, मोहरमच्या दिवसांत. ताबूत म्हणजे हजरत इमाम हुसेन यांच्या करबल्यातल्या रौझ्याची प्रतिकृती. बांबूच्या कामट्या, कागद, खळ आणि बेगड एवढ्यावर ती उभी राहते. आमच्या मोहल्ल्यातले ताबूत करणारे उस्ताद शाळेत गेलेले नव्हते. त्यांच्याकडे फूटपट्टीही नसे. एक दोरा घ्यायचा, त्याची घडी घालायची, पुन्हा घडी घालायची. चार घड्यांचा घुमट, दोन घड्यांची कमान, एका घडीचा मिनार. दोरा लांब घेतला तर ताबूत मोठा होई आणि आखूड घेतला तर लहान, पण घाट तोच राही. प्रमाण म्हणजे काय, हे मी त्या दोऱ्यावरून शिकलो.

कागद तर घरचाच. आमचे घराणे कागदींचे. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, दप्तरांत वापरला जाई. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा बसला. आजोबांच्या वेळी घरात कागद उचलायचे साचे होते, पण काम नव्हते. म्हणून माझे अब्बा दौंडला गेले आणि रेल्वेत लागले. आधी कोळसा टाकणारे खलाशी आणि मग फायरमन. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. आधी जहाज.

माझे पहिले जहाज नाण्यावरून केलेले होते. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ही नाणी प्रामुख्याने पूर्व किनाऱ्याकडे सापडली, पण राजघराणे नाणेघाटाचेच. बोटाच्या पेराएवढ्या जागेत त्या कारागिराने वर वळलेली टोके, डोलकाठ्या आणि दोर बसवले आहेत. त्याची मी जाड पुठ्ठ्यात प्रतिकृती केली आणि पहिल्याच दिवशी अडलो. नाण्यावर जहाज एका बाजूने दिसते. त्याची रुंदी किती? तळ गोल की निमुळता? चित्रात असले प्रश्न पडत नाहीत. प्रतिकृतीत पडतात, कारण तिला सगळ्या बाजू असाव्या लागतात.

मराठा आरमाराच्या गुराबेपाशीही मी असाच अडलो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे तिथल्या खाडीत आरमाराची जहाजे बांधायला घेतली. म्हणजे नाणेघाटाच्या पायथ्याकडचेच ते बंदर. दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान ही त्या आरमाराच्या सरदारांची नावे. खांदेरीच्या १६७९ च्या लढाईत इंग्रजांना या आरमाराने चांगलेच दमवले. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या, गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, अशी वर्णने इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने लिहून ठेवली आहेत. पण आपले मिस्त्री कागदावर नकाशा काढून जहाज बांधत नसत. माप त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत असे. हात गेले आणि माप गेले. त्यामुळे आज गुराबेची प्रतिकृती करणारा माणूस काही भाग वर्णनावरून करतो आणि उरलेला अदमासाने. अदमास कुठला, हे त्याने प्रामाणिकपणे सांगावे, एवढेच.

ज्याचे पक्के माप मिळते असे जहाज म्हणजे खोक्यातले, 'त्रिंकोमाली'. ते मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया यांनी इंग्रजांच्या नौदलासाठी बांधले. वाडियांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. पुढे अनेक पिढ्या या घराण्याने गोदीत जहाजे बांधली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचे लाकूड कमी पडू लागले होते आणि आपला सागवान पाण्यात ओकपेक्षा जास्त टिकतो, हे त्यांना कळून चुकले होते.

या जहाजाच्या नकाशांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडहून नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ २९ डिसेंबर १८१२ रोजी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने 'जावा'चा पराभव केला आणि तिला नष्ट केले. नकाशेही गेले. मग दुसऱ्या प्रती पाठवाव्या लागल्या. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'त्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे, इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात, जतन केलेली.

तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे दीडशे फूट. शंभरास एक या प्रमाणात ती शेहेचाळीस सेंटिमीटर होते. मला वाटले, सागवानाचे जहाज सागवानातच करावे. जुन्या दाराची चौकट फाडून पट्ट्या काढल्या आणि पंधरा दिवसांत लक्षात आले की हे होणे नाही. सागवानाचे रेषे ठळक असतात. जहाज शंभरपट लहान केले तरी लाकडाचे रेषे लहान होत नाहीत. एकेका फळीवर ओंडक्याएवढ्या रेषा दिसू लागल्या. शेवटी हेदूचे लाकूड घेतले. ते पिवळसर, एकसारख्या बारीक पोताचे असते आणि आपल्या सह्याद्रीत मिळते. मग त्याला सागवानाचा रंग दिला. खऱ्यासारखे दिसावे म्हणून खरे लाकूड सोडावे लागले.

रंगाचेही असेच आहे. खऱ्या जहाजाचा रंग डबीतून जसाच्या तसा काढून प्रतिकृतीला दिला, तर ती गडद आणि भडक दिसते. खरे जहाज आपण लांबून पाहतो. मध्ये हवा असते, ऊन असते, धूळ असते. प्रतिकृती तर हातभर अंतरावर असते. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा आणि राखाडी मिसळावा लागतो. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. चकाकी राहू द्यायची नाही.

आता आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो. चौदा डबे, सुमारे चारशे माणसे, एकवीस तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. नाणेघाटाचा माल जिथून येत होता त्याच कल्याणला. तिथून सह्याद्री कसा चढायचा, हा प्रश्न होता. तेव्हा ज्या घाटांचा विचार झाला त्यांत आपला मळशेज घाटही होता. घाटघरपासून तो काही फार लांब नाही. पण शेवटी मळशेज बाजूला पडला आणि भोरघाट आणि थळघाट निवडले गेले. भोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि थळघाटाची १८६५ मध्ये. रूळ दोन्ही बाजूंनी वर गेले आणि नाणेघाट मधेच राहिला.

मी एकदा भोरघाटाचा तुकडा करून पाहिला. त्या घाटात सर्वांत कठीण ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा चढ होता. खंडाळ्याजवळ गाडी पुढे नेऊन उलट दिशेने काढावी लागे, असे स्टेशन होते. मी डोंगर लहान केला, बोगदा लहान केला, झाडे लहान केली. चढ काही लहान झाला नाही. सदतीसास एक म्हणजे सदतीसास एकच. मोठ्या डोंगरावर असो नाहीतर टेबलावर असो. माझे छोटे इंजिन तीन डबे घेऊन तिथे धापा टाकू लागले. १८६१ मध्ये त्या घाटात हजारो मजूर डोंगर फोडत होते. चढ म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत होते.

आता अब्बांबद्दल. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथे छोटे शहर, सिग्नल, पूल आणि धावणाऱ्या गाड्या आहेत. मी अब्बांना तिथे घेऊन गेलो. ते लहान मुलांच्या रांगेत उभे राहून एकेक गाडी बघत होते. घरी परतताना म्हणाले, "तू भी एक बना. हमारी डब्ल्यूजी."

डब्ल्यूजी हे मालगाडीचे इंजिन. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० मध्ये तयार झालेले पहिले इंजिन याच जातीचे, त्याचे नाव 'देशबंधू'. १९७० पर्यंत अशी दोन हजारांहून अधिक इंजिने देशात आली. चित्तरंजनच्या ब्रॉडगेजवरच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनाला 'अंतिम सितारा' असे नाव दिले होते. अब्बांनी दौंडला अशा इंजिनांवर वर्षानुवर्षे फावड्याने कोळसा टाकला. एकेका फेरीत टनावारी.

मी दीड वर्ष खपून इंजिन केले. बॉयलर पितळी नळीचा, बाकीचे पुठ्ठ्याचे आणि पत्र्याचे. चाके आणि रूळ दुकानातून तयार आणले. प्रमाण सत्त्याऐंशीस एक. जगभर बहुतेक छांदिष्ट हेच प्रमाण वापरतात. रंगाच्या वेळी मी काळ्याची डबी उघडली तर अब्बांनी थांबवले. इंजिन काळे नसते म्हणाले. धुराड्याचा भाग जळून राखाडी होतो. खालच्या बाजूला ब्रेकची तांबूस धूळ बसते. पाणी गळते तिथे क्षाराची पांढरी पुटे चढतात. हात लागतो तो दांडा तेवढा चकचकीत असतो. तसे रंगवले. मला वाटले, झाले.

२०१४ च्या रमजान ईदला ते इंजिन त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी समोरून पाहिले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "पटरी तंग दिखती."

मला जरा राग आला. दीड वर्षाच्या मेहनतीनंतर पहिले वाक्य हे! पण रात्री हिशेब करायला बसलो. आपले ब्रॉडगेजचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागले की सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. दुकानातले रूळ होते साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोपातल्या चार फूट साडेआठ इंचांच्या गेजवरून ठरलेले आहेत. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. खऱ्या रुळांवर तो साडेनऊ इंच होतो. ज्या माणसाने आयुष्यभर त्या रुळांवर उभे राहून काम केले, त्याच्या डोळ्यांना पावणेतीन मिलिमीटर खुपले.

रूळ उखडले. नवे स्लीपर कापले. एका लेथवाल्याकडून लांब आस कातून घेतले, चाके बाहेर सरकवली. त्यात ब्रेकचे दांडे मोडले, ते पुन्हा केले. मध्ये माझी नोकरी, मुलीचे लग्न, कविता. तीन वर्षे गेली. तोवर अब्बांच्या डोळ्यांतल्या काचबिंदूने नजर जवळजवळ नेली होती.

मी नवा रूळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही रूळ चाचपले. म्हणाले, "अब बराबर." मग इंजिनावरून बोटे फिरवत मागे आले, फायरमन उभा राहतो त्या जागी करंगळी घातली आणि विचारले, "अंदर आदमी किधर है?"

आत कोणी नव्हते. चाकांचे आरे मोजले, बॉयलरचे रिव्हेट मोजले, पाण्याची पुटेसुद्धा रंगवली, पण ड्रायव्हर आणि दोन फायरमन ही तीन माणसे माझ्या डोक्यातच आली नव्हती. जहाजावरही नव्हती. 'त्रिंकोमाली' मी खलाशांशिवायच समुद्रात सोडली होती.

तीन माणसे केली. तांब्याची तार, वर लांबी, वर रंग. अब्बांची उंची साडेपाच फूट. सत्त्याऐंशीने भागली तर सव्वाएकोणीस मिलिमीटर. हा आकडा मी लिहिला आणि बघत राहिलो. दोन रुळांमधले अंतर तेवढेच होते. फावडे हातात घेतलेला तो माणूस मी रुळांवर आडवा ठेवून पाहिला. या रुळापासून त्या रुळापर्यंत तो बरोबर पुरला. त्याला उचलून त्याच्या जागी उभा केला, तेव्हा अब्बा होते. २०१९ मध्ये ते गेले.

घाटघरला गेलो ते हे इंजिन घेऊन. तिथे एका महादेव कोळी कुटुंबाशी माझी जुनी ओळख आहे. त्यांच्या ओट्यावर खोकी उघडली. दहा-बारा पोरे जमली. एकाने विचारले, "ही गाडी आमच्याकडे का नाही आली?" मी मळशेजची हकिगत सांगितली. त्याने मान हलवली, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

घरातले बाबा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी इंजिनात डोकावून विचारले, "हा फावडंवाला कोण?" मी म्हणालो, "माझे वडील." मग त्यांनी जहाजाकडे पाहिले. मी आता त्यावर खलाशी बसवले आहेत. जहाजातला माल घाटातून वर कसा यायचा, हे मी उत्साहाने सांगू लागलो. ते मधेच म्हणाले, "माहीत आहे की. आम्हीच न्यायचो. माझा बा डोक्यावर हिरडा घेऊन नाणेघाट उतरायचा. मुरबाडच्या बाजारात घालायचा आणि मीठ घेऊन रातीला वर यायचा. मीबी गेलोय." जरा थांबून म्हणाले, "जहाज केलंत, गाडी केलीत. मधला घाट कुठाय?"

दुपारी मी एकटा नाणेघाटात उतरलो. लेण्यात गेलो. राजांची नावे होती, त्यांच्या पावलांचे अवशेष होते, दानाचे आकडे होते. बाहेर पायऱ्यांचे दगड होते, शेकडो वर्षे तुडवून गुळगुळीत झालेले. खिशात अब्बांची जुनी मोजपट्टी होती. तीन पायऱ्यांची उंची घेतली, रुंदी घेतली, वहीत लिहिली. चौथ्या पायरीपाशी एक बाई लाकडाची मोळी घेऊन वर येत होती. मी बाजूला सरलो. तिने विचारले, "काय मोजता?"

म्हटले, "घाट."

"मोजा," म्हणाली आणि वर गेली.

सध्या टेबलावर तो घाट आहे. दगड प्लास्टरचे आहेत, रंगाचा पहिला हात झाला आहे. चढ या वेळीही लहान झालेला नाही. पण या वेळी पायऱ्यांच्या आधी माणूस केला. डोक्यावर ओझे आहे, उंची सव्वाएकोणीस मिलिमीटर.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)